जळालेलं किट दाखवून गॅस गिझरवाल्याने आईला फसवलं

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सोलापुरातसुद्धा पहाटे चांगलीच थंडी पडते. नेमका तेव्हाच जुळे सोलापुरातल्या आमच्या घरचा गॅस गिझर बिघडला. नळ सोडला की टकटक व्हायची, ज्योत पेटायची आणि काही सेकंदांत विझायची. मी कामावर होतो. आईने नेटवर कंपनीचं नाव टाकून सगळ्यात वर आलेल्या नंबरवर फोन लावला. लगेच माणूस हजर. शर्टावर कंपनीचा लोगो, ओळखपत्र मात्र नाही.

"मावशी, सिलेंडर बंद करून या," म्हणत त्याने तिला स्वयंपाकघरात पाठवलं. ती परत येते तर त्याच्या हातात काळं पडलेलं किट, म्हणजे गिझरची ठिणगी आणि गॅस सांभाळणारा सर्किटचा डबा. "पार जळालंय. वेळेत बोलावलंत, नाहीतर स्फोट झाला असता." सत्तरीच्या बाईला असं घाबरवायचं, याचा मला अजून संताप येतो. 2,650 रुपये यूपीआयने भलत्याच कुणाच्या खात्यात गेले. पावती साध्या कागदावर, त्यावर ना पत्ता, ना जीएसटी नंबर. जुना पार्ट "कंपनीत जमा करायचाय" म्हणून तो घेऊनही गेला.

आठवडाभरात पुन्हा तेच. त्याचा फोन आधी "येतो, येतो" आणि मग बंद.

शेवटी जिथून गिझर घेतला त्या दुकानाच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने कव्हर काढलं आणि मला जवळ बोलावून बोट ठेवलं. गिझर बसवताना किटवर मार्करने घातलेली तारीख जशीच्या तशी होती. म्हणजे किट बदललंच नव्हतं. आईला दाखवलेलं जळकं किट त्या पहिल्या माणसाने स्वतःच्या पिशवीतूनच काढलेलं.

खरा बिघाड किरकोळ होता. बर्नरजवळ एक बारीक सेन्सर पिन असते. ज्योत लागल्याचं तिला कळलं नाही तर किट गॅस बंद करतं, आणि ते आपल्या जिवासाठीच असतं. आमच्या पिनेवर काजळी धरली होती. मेकॅनिकने बारीक पॉलिश पेपरने ती घासली, दोन्ही सेल नवे घातले, काम झालं.

त्याने सांगितलेलं इथे मुद्दाम देतो. नळ सोडूनही टकटक येत नसेल तर आधी सेल बघा, मग पाण्याचा प्रेशर. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, टाकी तळाला गेली की धार बारीक होते आणि गिझरचा स्विचच दाबला जात नाही. बोअरचं पाणी असेल तर गिझरमध्ये पाणी येतं तिथल्या जाळीत क्षार साचतात, तीही काढून धुवा. टकटक होते पण पेटत नाही, तर सिलेंडर संपलाय का किंवा रेग्युलेटर बंद आहे का ते पाहा. पेटून विझतो, तर सेल किंवा पिन. बऱ्याच गिझरना टायमर असतो, 20 मिनिटांच्या आसपास ते आपोआप बंद होतात. तो बिघाड नव्हे. सेन्सर "डायरेक्ट" करून देतो, म्हणजे तो वगळूनच गिझर चालू करतो, म्हणणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवा.

कंपनीचा नंबर वॉरंटी कार्डावरूनच घ्या. काम चालू असताना घरातलं कुणीतरी तिथून हलू नका, आणि काढलेला पार्ट घरातच ठेवून घ्या. गॅसचा वास आला तर मेकॅनिकची वाट न बघता 1906 ला फोन करा. आम्ही 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार दिली आहे, सोबत पावती आणि त्या मार्करच्या तारखेचा फोटो जोडलाय. त्या भामट्याचा नंबर आज पाहिला तर अजूनही नेटवर वरच आहे.