मराठी बोलला म्हणून गाडीची चावी दिली

दक्षिणेत मोटारसायकलवर फिरायला जाणाऱ्यांनी, आणि येताना गाडी ट्रान्सपोर्टनं पाठवायचा विचार असणाऱ्यांनी तर नक्कीच, हे वाचावं. आमचे २७,९०० रुपये गेले आणि आमच्या दोन गाड्या १९ दिवस कुठं आहेत हेच आम्हाला माहीत नव्हतं.

सोलापूरची गड्ड्याची जत्रा आटोपली आणि जानेवारीच्या शेवटी आम्ही चौघे सोलापूरकर निघालो. विजापूर, हंपी, म्हैसूर, बंदीपूर, उटी, मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी असा बेत होता. बाळीवेशीतला दोस्त घरी कन्नडच बोलतो, त्यामुळं कर्नाटकात पंक्चरवाल्यापासून खानावळीपर्यंत कुठं अडलं नाही. बंदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो, तेव्हा गुंडलुपेटलाच मुक्काम करा, हे त्यालाच एका चहावाल्यानं समजावून सांगितलं. साखर पेठेतल्या दोस्ताची तेलुगू मदुराईतल्या एका दुकानातही चालली. त्यापुढं मात्र खाणाखुणा. धनुष्कोडीच्या वाळूत उभं राहिलो, १९६४ च्या वादळात उरलेल्या चर्चच्या भिंती पाहिल्या. इतकं चांगलं चाललं होतं की आता लिहितानाही वाईट वाटतं.

कन्याकुमारीत दुसऱ्या दिवशी सकाळी घरून फोन आला. वडिलांच्या बायपासची तारीख अलीकडं आली होती. पुण्याकडं जाणारी गाडी सोलापूरवरूनच जाते. तिची दुसऱ्या दिवशीची दोन तात्काळ तिकिटं मिळाली. मी आणि साखर पेठेतला दोस्त रेल्वेनं निघणार, बाकीचे दोघं गाड्यांवर येणार, असं ठरलं. राहिल्या आमच्या दोन बुलेट. पार्सल खिडकीवर चौकशी केली. टाकी रिकामी करा, गाडी पॅक करून आणा, आरसी आणि ओळखपत्राच्या झेरॉक्स द्या. त्याच गाडीत जागा मिळेल असं नाही. हे सगळं चार तासांत होण्यासारखं होतं. पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी मोबाइलवर ट्रान्सपोर्टवाले शोधायला लागलो.

पहिल्या दोघांनी गाडीमागं ९,००० सांगितले. तिसऱ्याशी मी हिंदीत बोलायला लागलो, तर तो मध्येच मराठीत म्हणाला, "सोलापूरचे काय दादा? बोलण्यावरनंच कळलं. माझी आजी अक्कलकोटची." गड्डा कसा झाला, दारूकाम बघितलं का, असं विचारलं. गाडीमागं ५,५०० सांगितले आणि म्हणाला, "घरच्यासारखी पोचवतो, तुम्ही वडिलांकडं बघा." नऊ दिवस परक्या भाषांत काढल्यावर ते वाक्य ऐकून मला खरंच धीर आला. त्यानंतर मी एकही प्रश्न विचारला नाही. माझी चूक झाली ती इथं.

गाडीमागं २,००० आगाऊ, म्हणजे ४,००० मी यूपीआयनं पाठवले. पैसे पाठवताना स्क्रीनवर कंपनीचं नाव न येता कुणा बाईचं नाव आलं. विचारलं तर "आमच्या अकाउंटंट मॅडम" म्हणाला. दुपारी एक छोटा टेम्पो आला. चालकाला तमिळशिवाय काही येत नव्हतं. त्यानं गाड्या चढवल्या, चाव्या घेतल्या आणि गेला. पावती व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून आली.

आम्ही रेल्वेत असताना 'ऑफिस'मधून फोन आला. गाडीच्या किमतीवर जीएसटी आणि प्रवासातला विमा, गाडीमागं ७,२००; पोचल्यावर परत मिळणार. दोघांचे १४,४०० पाठवले. दोन दिवसांनी, मी दवाखान्यात असताना, तिसरा फोन. राज्याच्या सीमेवर गाड्या अडवल्यात, कर भरला नाही तर जप्त होतील. संध्याकाळी सहाला आणखी ९,५०० गेले.

त्या रात्री चुलते वडिलांना बघायला आले. ते कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करतात. मी सहज त्यांना ती पावती दाखवली. चष्मा कपाळावर सारून त्यांनी फोटो मोठा करून बघितला. "अरे बाळा, पत्ता कन्याकुमारीजवळच्या नागरकोईलचा आणि जीएसटी नंबर २९ नं सुरू? २९ म्हणजे कर्नाटक. तमिळनाडूचा ३३ असतो." नंबर १५ अक्षरांचा असतो, यात १४ च होती. वाहतुकीचा जीएसटी भाड्यावर लागतो, माझ्या जुन्या गाडीच्या किमतीवर कसा लागेल? आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकर नाके तर जीएसटी आल्यावर, २०१७ मध्येच उठले. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर कुणाचाही नंबर फुकट तपासता येतो, हे त्यांनी तिथंच करून दाखवलं. असा नंबरच नव्हता. पैसे पाठवण्याआधी हे करायला मला दोन मिनिटं लागली असती.

पावतीवर आणखी एक गोष्ट नव्हती. २००७ च्या रस्ता मालवाहतूक कायद्यानुसार दुसऱ्यांचा माल नेणाऱ्या वाहतूकदाराला नोंदणी करावी लागते. तो नोंदणी क्रमांक मागा. देत नसेल तर चावी देऊ नका.

चुलत्यांनी मला तिथूनच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, फोन लावायला लावला. तोपर्यंत तीन तास झाले होते. शेवटचे ९,५०० समोरच्या खात्यात गोठवले गेले. आधीचे १८,४०० तोपर्यंत खात्यात राहिलेच नव्हते. सोलापुरात पोलिसांत तक्रार दिली. गुन्हा कुठंही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं नोंदवता येतो, हे लक्षात ठेवा. दरम्यान त्या माणसानं 'गोदाम भाडं' म्हणून दिवसाला ३०० मागायला सुरुवात केली होती. बोलणं अजून मराठीतच, पण आता "दादा" गेलं होतं.

गाड्या सापडल्या त्या एका फोटोमुळं. गाड्या चढवताना बाळीवेशीतल्या दोस्तानं ग्रुपवर टाकायला म्हणून टेम्पोचा फोटो काढला होता. त्यात नंबरप्लेट स्पष्ट होती. वडील घरी आल्यावर आम्ही दोघं परत खाली गेलो. ज्या लॉजवर उतरलो होतो त्याचे मालक, साठीचे गृहस्थ, दोन दिवस दुकान-धंदा सोडून आमच्याबरोबर ठाण्यात बसले आणि आमचं सगळं म्हणणं तमिळमध्ये सांगितलं. टेम्पोवाला एका फेरीच्या भाड्यापुरताच होता, त्यानं लगेच शेड दाखवली. तिथं आमच्या दोन धरून सात गाड्या होत्या. बाकीच्या पाचांपैकी एका गाडीवर केएल म्हणजे केरळचा नंबर, दोन गाड्यांवर आपला एमएच.

बॅटऱ्या आणि माझ्या गाडीचे आरसे काढून घेतले होते. बॅटऱ्या बसवून घेतल्या आणि नागरकोईल जंक्शनला टाक्या रिकाम्या करून, गोणपाटात बांधून गाड्या रेल्वेनं पाठवल्या. पाचव्या दिवशी सोलापूर स्टेशनावर मिळाल्या.

तो माणूस अजून सापडलेला नाही. मार्चमध्ये मी बायकोच्या मोबाइलवरून त्याच जाहिरातीतला नंबर लावला आणि मुद्दाम वऱ्हाडी धाटणीत बोललो. "अकोल्याचे काय दादा?" तो म्हणाला. "माझी आत्या तिकडचीच." मी फोन ठेवला आणि कॉलचं रेकॉर्डिंग तपास अधिकाऱ्यांना पाठवलं. शेडमधल्या त्या दोन एमएच गाड्यांचे मालक हे वाचत असतील, तर त्यांनी नागरकोईलच्या पोलिसांशी बोलावं. आम्ही निघालो तेव्हा त्या तिथंच होत्या.