पेटीवाल्याच्या गळ्यात कॅसिओ

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मागीलदारच्या चिऱ्याच्या पायरीवर शेवाळावरून पाय सरकला आणि डाव्या दंडाचं हाड खांद्यापाशी मोडलं. ऑपरेशन टळलं, पण हात महिनाभर झोळीत. झोळी सुटली तेव्हा खांद्याची गंजलेली बिजागरी झाली होती. शर्टाच्या बाहीत हात घालायलाही बायको लागायची. मी गोव्यातल्या बोरी गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. सूर उजव्या हाताचे खरे, पण पेटीचा श्वास डाव्या हातात. चार वेळा भाता मारला की कळ कोपरापर्यंत उतरायची. आणि गणपतीची चवथ दीड महिन्यावर आलेली.

मुलाच्या आग्रहामुळे कॅसिओचा सीटी-एस ३०० घेतला. बारा हजारांच्या आत पडला. खरं सांगायचं तर कीबोर्ड या प्रकाराचाच मला राग. पेटीवादक पं. तुळशीदास बोरकरांचं हे गाव, आणि तिथं बसून सेलवर चालणारी पेटी वाजवायची! पण भाता नाही म्हणजे खांद्याला काम नाही, या एका मुद्द्यावर मी गप्प बसलो.

वजन ३.३ किलो, आणि उचलायला मूठ अंगचीच. उजव्या हातात पिशवीसारखा धरून देवळापर्यंत चालत जातो. माझी पेटी खोक्यासकट उचलायला अजून दुसरा माणूस लागतो. सहा पेन्सिल सेलवर चालतो, त्यामुळे पावसात वीज गेली तरी रियाज थांबत नाही. आत चारशे आवाज आहेत, त्यातले माझ्या कामाचे तीन. तालांकडे मी फिरकलोच नाही, आमचा पखवाजवाला जिवंत आहे.

आता वाजवण्याबद्दल. पेटीत सूर दाबून ठेवला की तो भात्याने फुगवता येतो, मागे घेता येतो. अभंगात बुवा 'विठ्ठला' म्हणून लांबवतात तेव्हा आम्ही पेटीवाले हेच करतो. इथे पट्टीवर बोट किती जोरात पडलं तेवढंच यंत्राला कळतं, नंतर दाबून धरलेला सूर बोटाने फुगवता येत नाही. त्यामुळे स्पर्शानुसार आवाज कमीजास्त होण्याची सोय मी बंदच केली, बोट हलकं पडलं की सूर गायब झाल्यासारखा वाटायचा. पण सवय कुठली जायला! पहिल्या आठवड्यात वाजवून झालं की डावा खांदा ठणकायचा. काही केलेलंच नाही तर का दुखतोय, कळेना. शेवटी बायकोने पकडलं: "अहो, डाव्या हाताने वारा कोणाला घालताय?" हात आपला हवेत भाता मारत होता. मग मांडीवर उशी, उशीवर हात, आणि मोबाइलवर दहा मिनिटांचा गजर. गजर वाजला की उठून हात लोंबकळता सोडून झोके द्यायचे, ही फिजिओ मॅडमची अट.

एक युक्ती मात्र माझी स्वतःची. डाव्या टोकाला सूर वरखाली वाकवायचं चाक आहे, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी, पेटीत कधीच न निघणारी मींड! पण कीबोर्ड ९३ सेंटिमीटर लांब. मध्यावर बसलं तर त्या टोकापर्यंत हात नेताना खांदा उघडावा लागतो, आणि माझा नेमका तिथंच अडलेला. म्हणून अख्खा कीबोर्ड उजवीकडे सरकवला, डावं टोक पोटासमोर आणलं आणि ट्रान्सपोज बारावर नेलं. सगळं एक सप्तक वर गेलं, उजवा हात डावीकडच्या पट्ट्यांवर मजेत. डावं कोपर बरगडीला चिकटलेलं ठेवून अंगठ्याने चाक फिरवायचं. फिजिओ मॅडमनी बघितलं आणि चालेल म्हणाल्या.

चवथीला तो बाहेर काढला. "बुवा, पेटीक वारो ना?" म्हणून शेजाऱ्याने खेचलीच. भजनाला त्याचे स्वतःचे स्पीकर खोलीपुरते ठीक वाटले. आरतीला घुमट आणि समेळ ही आमच्याकडची चामड्याची वाद्यं सुरू झाल्यावर मी काय वाजवतोय हे मलाही ऐकू येईना, कांसाळ्यांनी, म्हणजे झांजांनी, उरलंसुरलं गिळलं. दुसऱ्या दिवशी हेडफोनच्या भोकातून वायर काढून मंडपाच्या मिक्सरला जोडली, तेव्हा कुठे बुवांनी मान हलवली.

पैसे वाया गेले ते स्टँडवर. तो वेगळा, दुसऱ्या एका दुकानातून घेतला, नाव सांगत नाही. जेवणाच्या टेबलावर कीबोर्ड ठेवला तर खांदे कानाला लागत होते, म्हणून खाली बसणारा स्टँड हवा होता. त्याची सगळ्यात खालची खाच धरतच नव्हती, वाजवता वाजवता एक बाजू हळूच खाली. दोन खेपा मारल्यावर बदलून मिळाला, तोही "तुम्हीच जोरात दाबलं असणार" ऐकून.

परवा पेटी उघडली. दोन अभंग झाले, तिसऱ्याला हात उतरला. कीबोर्ड अजून खोलीतच आहे, डावं टोक माझ्या खुर्चीसमोर.