७.४ किलोओहमची टोपी

व्हिडिओ जेमतेम सतरा सेकंदांचा होता. टेबलावर दोन काळे पिकअप, त्यांच्या वायरींना टेकवलेल्या मल्टिमीटरच्या लाल-काळ्या पिना, आणि मीटरवर आकडा ७.४. मग दुसरा पिकअप, ७.८. मागून आवाज, "बघा दादा, तुम्ही मागितलं तसं रीडिंग." तो व्हिडिओ तीनदा बघून मी सात हजार दोनशे रुपये पाठवले. माल आल्यावर माझ्या मीटरवर मोजलं, तर आकडे तेच आले. त्या बाबतीत तो माणूस शब्दाला जागला, आणि नेमकं तिथंच त्यानं मला टोपी घातली.

ज्यांना हा विषय परका आहे त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. आमच्या सांगलीत पिकअप म्हटलं की लोकांना द्राक्षाच्या पेट्या वाहणारी गाडी आठवते. हा पिकअप म्हणजे बेस गिटारच्या तारांखाली बसवलेली काळी पट्टी. आत लोहचुंबक, आणि त्यांच्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत इवलासा विद्युतप्रवाह तयार होतो, तो अ‍ॅम्पमध्ये जातो आणि स्पीकरमधून 'धुम' ऐकू येतो. बाकी गिटार कितीही सुंदर असो, आवाज तिथून निघतो.

मी गेली बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. दिवसा नोकरी, रात्री कार्यक्रमांच्या सुपाऱ्या. माझा बेस जॅझ पद्धतीचा आहे, म्हणजे फेंडर कंपनीनं १९६० मध्ये काढलेल्या जॅझ बेसच्या घडणीचा: दोन पिकअप, दोन व्हॉल्यूम, एक टोन. या घडणीची खोड अशी, की प्रत्येक पिकअप एका वेटोळ्याचा, म्हणून एकटा वाजवला की गुणगुणतो. दोन्ही पिकअप उलटसुलट गुंडाळलेले आणि त्यांचे चुंबकही एकमेकांच्या उलट असतात. त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की एकाची गुणगुण दुसरा खाऊन टाकतो. पण पूर्ण उघडले की मधला आवाज पोकळ होतो, निदान माझ्या कानाला. मी पुढचा व्हॉल्यूम थोडा उतरवून वाजवतो आणि त्याची किंमत मोजतो. नाट्यगृहात लायटिंगवाल्यानं डिमर अर्ध्यावर आणला की माझ्या अ‍ॅम्पमधून भुंगा सुटतो. एकदा निवेदिका हळव्या आवाजात एका दिवंगत गायकाची आठवण सांगत होती आणि मागून माझं घुंऽऽऽ. साउंडवाल्यानं थेट माझा चॅनेल बंद केला.

यावर इलाज आहे आणि तो जुनाच आहे. १९५७ साली फेंडरनं आपल्या प्रिसिजन बेसचा पिकअप मधून तोडून दोन तुकडे केले. जाड दोन तारांखाली एक, बारीक दोन तारांखाली दुसरा. दोन्हींचे वेढे उलट, चुंबकही उलट. तारांचा आवाज जुळतो आणि बाहेरची गुणगुण एकमेकींत मरते. हीच युक्ती जॅझ बेसच्या सरळ, अरुंद पट्टीत कोंबलेले पिकअपही मिळतात. बाहेरून साध्यासारखेच दिसतात, आत मात्र दोन वेगळी वेटोळी. मला तेच हवे होते. अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या कंपनीची जोडी इथं पोचेपर्यंत कर आणि टपाल धरून अठरा हजारांच्या पुढं जात होती. मुलाच्या कॉलेजची फी त्याच महिन्यात होती, त्यामुळे तो विचार सोडला होता.

मग ही जाहिरात दिसली. तीच कंपनी, तीच जोडी, 'भावानं तिकडून आणलेली, बसवलीच नाही', आठ हजार. माणूस मराठी, बोलायला गोड, बेस वाजवणारा. माझा फोटो बघून म्हणाला, "दादा, तुम्ही तर जाणकार दिसता, तुम्हाला काय सांगायचं!" इथं मी अर्धा गेलो.

जाणकारी दाखवायची म्हणून मी मीटरचं रीडिंग मागितलं. आमच्या लाइनीत हा आकडा फार चालतो. जॅझचा साधा पिकअप साधारण सात-आठ किलोओहम, प्रिसिजनचा दहा-अकरा. लोक पिकअप घेताना 'किती के?', म्हणजे किती किलोओहम, असं विचारतात, भाजीवाल्याला भाव विचारावा तसं. मीही विचारलं. त्यानं अर्ध्या तासात व्हिडिओ पाठवला. मग लगेच, नाशिकचा एक जण संध्याकाळी पैसे टाकणार आहे, पण तुम्ही वाजवणारे, म्हणून आठशे कमी करतो. पैसे ज्या नंबरवर पाठवायचे तिथं नाव भलतंच येत होतं. "बायकोचं खातं आहे, दादा." मी पाठवले.

आता त्या आकड्याबद्दल. किलोओहम म्हणजे फक्त तारेचा रोध. तार लांब असेल तर वाढतो, बारीक असेल तरीही वाढतो. त्यामुळे अधिक बारीक तारेचे कमी वेढे देऊन कोणीही हवा तो आकडा आणू शकतो. तांब्याचा रोध तापमानाबरोबरही बदलतो, दर दहा अंशांना साधारण चार टक्के. एकच पिकअप डिसेंबरात आणि सांगलीच्या एप्रिलात मोजला तर आकडे वेगळे येतात. आत चुंबक कुठला आहे, वेटोळं एक आहे की दोन, गुंडाळणी नीट झाली आहे की नाही, यातलं काहीही मीटर सांगत नाही. तार तुटलेली नाही एवढं त्यातून कळतं. मी त्या माणसाला लग्नाच्या मुलाची फक्त उंची विचारली होती.

पार्सल पाच दिवसांनी आलं. डबा छान होता, आत फोम, स्क्रू, स्प्रिंगा, छापील कागद. कागदावरच्या इंग्रजीत कंपनीच्या गावाचं स्पेलिंग चुकलं होतं, ते मी वाचलं आणि चक्क माफ केलं. दोन्ही पिकअप शेजारी ठेवल्यावर जे पहिल्या क्षणी दिसायला हवं होतं तेही मनावर घेतलं नाही: दोघांची लांबी एक होती. जॅझ बेसमध्ये ब्रिजजवळचा, म्हणजे मागचा, पिकअप मानेजवळच्या पुढच्यापेक्षा दोनेक मिलिमीटर लांब असतो. जाहिरातीतल्या फोटोत एक पिकअप दुसऱ्यावर तिरपा ठेवला होता. तेव्हा मला ती फोटोग्राफी वाटली.

बसवताना पुढचा बसला. मागचा खाचेत ढिला, कडेला फट, आणि स्क्रूची भोकं जुन्या भोकांवर येईनात. म्हटलं, असेल कंपनीचं माप वेगळं. जुनी भोकं टूथपिक आणि फेविकॉलनं भरली, नवी पाडली. स्वतःच्या बेसला स्वतःच्या हातानं भोकं पाडतानाही शंका आली नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. सोल्डरिंग केलं, तारा चढवल्या, अ‍ॅम्प लावला.

भुंगा हजर. एक व्हॉल्यूम उतरवला, भुंगा. दोन्ही पूर्ण उघडले तर आधीपेक्षा मोठा. जुन्या पिकअपांत निदान दोन्ही उघडल्यावर तरी शांतता होती, आता तीही गेली.

फोन केला. "दादा, तुमच्या वायरिंगमध्ये अर्थिंगचा घोळ असेल." सगळे जोड परत तपासले. पुन्हा फोन. "नवीन आहेत ना, दोन-तीन शो वाजले की मोकळे होतील." पिकअप म्हणजे काय कोल्हापुरी चप्पल आहे पायात मोकळी व्हायला? पण मी एक शो वाजवला. मग एका घरमालकासारखं वाट बघत राहिलो, भाडेकरू उद्या पैसे देईल म्हणून. अकरा दिवस असे गेले. बाराव्या दिवशी त्याचा फोटो दिसेनासा झाला.

शेवटी मिरजेच्या मित्राकडे गेलो. त्याच्या घरी पिढ्यान्पिढ्या तंबोरे-सतारी होतात. इलेक्ट्रिक गिटारला तो प्रेमानं 'शॉक लागलेली सतार' म्हणतो, पण दुरुस्तीला येतात म्हणून शिकला आहे. त्यानं मीटर काढलाच नाही. मुलाच्या दप्तरातलं होकायंत्र आणलं, चाळीस रुपयांचं, कंपासपेटीत मिळतं तसं, आणि पिकअपवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश सरकवत नेलं.

"बघ मर्दा. सुई हलली का?"

नव्हती हलली. तारांखालच्या आठही धातूच्या खुंट्यांवर सुईचं तेच टोक खाली खेचलं जात होतं. खरोखर आत दोन उलटे भाग असते, तर मधोमध, दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेच्या दरम्यान, सुई गर्रकन फिरायला हवी होती. मग दुसरा पिकअप. तिथंही तेच टोक. म्हणजे साध्या जॅझ जोडीत दोन पिकअपांचे चुंबक तरी उलट असतात, इथं तेही नव्हते. दोन्ही एकाच साच्यातून काढलेले, दोन्ही मानेजवळचे. तारही एकाच दिशेनं गुंडाळलेली असणार, म्हणून गुणगुण मारली जाण्याऐवजी जोडीनं वाढली.

माझा जुना काढलेला सेट पिशवीत होता. त्यावर होकायंत्र धरलं. पुढच्यावर सुईचं एक टोक, मागच्यावर दुसरं. बावीस वर्षांत मी हे कधी बघितलं नव्हतं.

मग त्यानं ब्लेडनं नव्याचं काळं कव्हर सोडवलं. डब्यावर 'अल्निको' छापलं होतं. अल्निको म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांचा मिश्रधातू. तसल्या पिकअपमध्ये वर दिसणारी प्रत्येक खुंटी स्वतःच चुंबक असते आणि खालून बघितलं तर खुंट्यांची टोकं दिसतात. इथं खाली काळी टेप होती. ती ओढली तर एक काळी, ठिसूळ पट्टी गोंदानं चिकटवलेली. सिरॅमिक चुंबक. स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं उचकटली, आणि खुंट्या सैल, साध्या लोखंडाच्या. त्यानं एक खुंटी बाहेर ढकलून टाचणीजवळ नेली. टाचणी जागची हलली नाही.

सिरॅमिक म्हणजे वाईट असं मुळीच नाही. उत्तम पिकअपांतही ते असतं, कुणाला तोच कडक आवाज आवडतो. पण मी पैसे दुसऱ्या वस्तूचे दिले होते. मित्राच्या मते हातातल्या मालाची किंमत पाच-सहाशे.

"तंबोरा घ्यायला आला असतास," तो म्हणाला, "तर भोपळ्याचा घेर इंचात विचारून पैसे दिले असतेस का? तार छेडून जवारी, तिचा झंकार, ऐकली असतीस." यावर मी काही बोललो नाही. त्याच्या बायकोनं चहा आणला.

तक्रारीचं सांगतो, कारण त्यातही माझी चूक आहे. ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. तिथं लगेच फोन केला तर पैसे पुढं सरकायच्या आत थांबवता येण्याची शक्यता असते. मी आधी अकरा दिवस 'मोकळे होतील' यात घालवले आणि वर मिरजेला गेलो. तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला, पैसे नाहीत. ग्राहकांच्या १९१५ या क्रमांकावर पहिला प्रश्न आला, बिल आहे का? बिल कुठलं! ठाण्यातले हवालदार सभ्य होते, पण त्यांना गुन्हा समजावताना माझीच दमछाक झाली. "वस्तू आली ना?" आली. "वाजते ना?" वाजते. "मग?" मी होकायंत्र काढायला लागलो तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला.

जुने पिकअप परत बसवले आहेत. भुंग्यासाठी मित्रानं आतल्या खाचांना तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडली. डिमरची करकर त्यानं बरीच उतरली. एका वेटोळ्याची मूळ गुणगुण तशी जात नाही, ती आहे. खर्च तीनशे ऐंशी. हे आधी का केलं नाही, असं घरी विचारलं गेलं आहे.

कुणी सेकंडहँड पिकअप घेणार असेल तर विकणाऱ्याकडून खालच्या बाजूचा फोटो मागा, दोन्ही पिकअप पट्टीला लावून लांबी दाखवायला सांगा, आणि होकायंत्र सरकवतानाचा व्हिडिओ मागा. मोबाइलमधलं होकायंत्र नको, ते चुंबकाजवळ बिथरतं. आणि जमलं तर माणसाच्या घरी जा, बेसवर बसवलेला असतानाच ऐका, एक व्हॉल्यूम पूर्ण बंद करून.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, फोटो तोच, तिरपा ठेवलेला पिकअप, टेबलावर तोच चहाच्या कपाचा गोल डाग. किंमत साडेआठ. मी बायकोच्या फोनवरून लिहिलं, "होकायंत्र फिरवून व्हिडिओ पाठवता का?" थोड्या वेळानं दोन निळ्या खुणा आल्या. मग 'टाइप करत आहे' असं बराच वेळ दिसत राहिलं. मग त्याचा फोटो गेला.