बेळगावातला एक्स-रे टेक्निशियनचा डिप्लोमा: शिकून आलेल्या मुलीचा अनुभव

दर उन्हाळ्यात खानापूर तालुक्यातल्या मुलींचे मला फोन येतात. पीयूसी (बारावी) सायन्स झाली, नीटला मार्क पुरले नाहीत, नर्सिंगला जायचं नाही, मग एक्स-रेचा कोर्स कसा आहे गं ताई? प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथं सगळं लिहिते. मी बेळगावच्या एका खासगी कॉलेजातून मेडिकल इमेजिंग टेक्नॉलॉजीचा, म्हणजे याच एक्स-रेच्या कोर्सचा, डिप्लोमा केला. परीक्षा कर्नाटकच्या पॅरामेडिकल बोर्डाची. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण तक्रारीही सांगायच्या आहेत आणि तिथल्या काही लोकांचे माझ्यावर उपकार आहेत.

कोर्स चांगला आहे, जरूर करा. मात्र प्रवेश घेताना कॉलेजची इमारत बघून भुलू नका. विद्यार्थ्यांना कुठल्या हॉस्पिटलात पाठवतात आणि तिथं पेशंटला हात लावू देतात का, ते आधी बघा. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला त्या एक्स-रे विभागाबाहेर तासभर बसा. बाकावर गर्दी असेल आणि आत विद्यार्थी पेशंटला उभं करत असतील, तर डोळे झाकून फी भरा. विद्यार्थी नुसते रजिस्टर लिहीत असतील, तर दुसरीकडे चौकशी करा.

वर्गात ॲनाटॉमी आणि रेडिएशन फिजिक्स नीट शिकवलं. नोट्स सगळ्या इंग्रजीत, त्यामुळे माझ्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले काही महिने जड जातात. फिजिक्सच्या सरांनी मात्र कुणाला मागं पडू दिलं नाही. रेडिएशनचं अंतर दुप्पट केलं की डोस चौथ्या हिश्श्यावर येतो, हे त्यांनी फळ्यावर शिकवलं. नंतर आयसीयूत मोबाइल मशीन घेऊन गेल्यावर त्याचा अर्थ कळला. तिथं भिंतीआड उभं राहता येत नाही, म्हणून स्विचची वायर पूर्ण ताणून जमेल तेवढं लांब जायचं, शिशाचा ॲप्रन घालायचा आणि मगच बटण दाबायचं.

डार्करूमवर, म्हणजे अंधाऱ्या खोलीत फिल्म धुण्यावर, मात्र फार वेळ गेला. डेव्हलपर, फिक्सर, लाल दिवा, हे सगळं माहीत असावं हे खरं, पण मी जिथं जिथं काम केलं तिथं सीआर किंवा डीआर आहे, म्हणजे फिल्म न धुता फोटो थेट कॉम्प्युटरवर येतो. तो वेळ डिजिटलला द्यायला हवा होता. फिल्मवर एक्स्पोजर जास्त झालं की फिल्म काळी पडायची आणि चूक लगेच दिसायची. डिजिटलमध्ये जास्त डोस देऊनही फोटो छान दिसतो, त्यामुळे हात हळूहळू सैल सुटतो आणि पेशंटला विनाकारण जास्त रेडिएशन जातं. स्क्रीनच्या कोपऱ्यातला एक्स्पोजर इंडेक्सचा (एक्स्पोजर कमी-जास्त झालं का ते सांगणारा) आकडा दरवेळी बघायचा, हे मला वर्गात कुणी सांगितलं नाही. विभागातल्या सीनियर काकांनी सांगितलं.

या कोर्सची खरी कमाई म्हणजे ते काका. जांबोटीकडची एक आज्जी छातीच्या एक्स-रेला आली होती. चिठ्ठीवर टीबीचा संशय लिहिलेला. मी तिला स्टँडपुढं उभं केलं. काकांनी आधी तिची वेणी हातानं उचलून डोक्यावर बांधायला लावली. वेणी खांद्यावर राहिली तर तिची सावली फुप्फुसाच्या टोकावर पडते, आणि टीबीचा डाग बहुतेक तिथंच शोधतात. मंगळसूत्र काढायला आज्जी तयार होईना. काकांनी घाई केली नाही. सुनेला आत बोलावलं, रुमालात बांधून तिच्या मुठीत दिलं. मग म्हणाले, "आज्जी, हनुवटी वर टेकवा. हात कमरेवर, पंजे उलटे. आता कोपरं पुढं ढकला बघू." कोपरं पुढं आली की खांद्याची पाती फुप्फुसावरून बाजूला सरकतात. ट्यूब १८० सेंटीमीटरवर, किरण पाठीकडून, म्हणजे हृदय उगीच मोठं दिसत नाही. "दम घ्या, धरून ठेवा." स्विच अर्धा दाबला की ट्यूबच्या आतली चकती (ॲनोड) फिरायला लागते, त्याचा घूं आवाज येतो. तो आवाज ऐकत काका काचेतून आज्जीच्या खांद्यांकडे बघत होते, आणि खांदे स्थिर झाले तेव्हाच त्यांनी बटण पूर्ण दाबलं. फोटोत मागच्या दहा बरगड्या मोजता आल्या, म्हणजे दम पूर्ण भरलेला होता. पुढची पेशंट बैलहोंगलची, तिला तेच सगळं कन्नडमध्ये: "उसिरु तगोरी, हिडीरी." बेळगावात हे काम करायचं तर दोन्ही भाषा तोंडात हव्यातच, हिंदी-उर्दू आली तर आणखी बरं.

बायकांच्या पोटाचा किंवा कमरेचा एक्स-रे असेल तर पोटात बाळ नाही ना हे कळण्यासाठी पाळी कधी आली होती हे विचारावं लागतं. नवरा, सासू समोर उभे असताना कुणी खरं सांगत नाही. मी पेशंटला कपडे बदलायच्या खोलीत नेऊन विचारते. या एका कारणासाठी तरी या कामात आपल्या भागातल्या मुली जास्त याव्यात, असं मला मनापासून वाटतं.

आता तक्रार. आम्हाला टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारे बिल्ले, वेळेवर मिळाले नाहीत. मागितले की "येतील, येतील" एवढंच उत्तर. हे मला अजूनही पटत नाही. रेडिएशन कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलीसिव्हर्ट (रेडिएशनचा डोस मोजायचं माप) आणि कुठल्याही एका वर्षात ३० ही अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा आहे. बॅजच नसेल तर किती डोस मिळाला हे मोजणार कशानं? बॅज छातीवर, ॲप्रनच्या आत लावायचा असतो आणि दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. प्रवेशाच्या दिवशीच विचारा, आणि आईवडील सोबत असताना विचारा.

सीटी बऱ्यापैकी बघायला मिळालं. एमआरआयला मात्र आम्ही बाहेरच्या खोलीतून बघायचो. तिथली शिस्त कडक आहे आणि ती असायलाच हवी, कारण ते चुंबक स्कॅन चालू नसतानाही चालूच असतं. २०१८ साली मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर आत नेल्यामुळे एका तरुणाचा जीव गेला. तरी शेवटच्या काही महिन्यांत आम्हाला पेशंटची तपासणी-यादी भरायला दिली असती तर उपयोग झाला असता.

नोकरी लागते, पण सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. कोल्हापूर किंवा गोव्याकडे जायचा विचार असेल तर तिथं आपल्या बोर्डाचं सर्टिफिकेट आणि नोंदणी कशी चालते ते आधीच विचारून घ्या. पदवीच करायची ठरलं तर बीएस्सीचाही मार्ग आहे, वेळ आणि पैसा जास्त लागतो.

येण्याजाण्याचं म्हणाल, तर २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे आपल्या साध्या बसला मुलींना तिकीट नाही, त्यामुळे खानापूरहून रोज येणं परवडतं. दुसऱ्या वर्षी इमर्जन्सीच्या ड्यूट्या लागतात, रात्री उशिरा गावाकडची गाडी मिळत नाही. तेव्हासाठी टिळकवाडीत किंवा हॉस्पिटलजवळ दोघी-तिघींनी मिळून खोली आधीच बघून ठेवा.