जुनं विंडोज नेटवर ठेवायचं की काढायचं? सात, दहा, मिंट आणि वायर काढलेला एक्सपी

चवथीला गोव्यात गावी गेलं की घरातल्या कम्प्युटरवाल्या माणसाला कोणी धड आरती म्हणू देत नाही, आधी जरा हा लॅपटॉप बघ म्हणतात. गेल्या चवथीत माझ्यासमोर तीन मशिनं आली. मावसभावाच्या मांद्र्याच्या गेस्टहाऊसमधला रिसेप्शनवरचा विंडोज ७, म्हापशात डीटीपीचं दुकान असलेल्या काकांचा एक्सपी (हो, अजून चालू आहे), आणि आमच्याच घरचा विंडोज १० वाला लॅपटॉप, ज्याच्यावर बायको लोकांचे जीएसटी रिटर्न भरते. तिघांचा प्रश्न एकच, हे असंच चालवलं तर चालेल का? उत्तरं मात्र तीन वेगळी निघाली, म्हणून हे एकदा सविस्तर लिहून टाकतो, तुमच्या घरातलं मशीन यातल्या कुठल्या तरी एकाच्या जवळचं असणारच.

आधी तारखा, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. एक्सपीचा सपोर्ट संपला ८ एप्रिल २०१४ ला. विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला, कंपन्यांना पैसे भरून पुढची तीन वर्षं अपडेट मिळत होते ते पण जानेवारी २०२३ ला बंद झाले, आणि त्याच महिन्यात ८.१ सुद्धा गेला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सपोर्ट संपला म्हणजे मायक्रोसॉफ्टचे सुरक्षेचे अपडेट बंद होतात, मशीन बंद पडत नाही, आणि लोकांची फसगत होते ती इथेच. काका मला म्हणाले, "चलता न्हय, मागीर कित्याक बदलप?" (चालतंय ना, मग कशाला बदलायचं?)

चालतंय तर खरं. पण खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेताचा बांध आठवा. कुर्ल्या (खेकडे) बांधाला भोकं पाडतच असतात, दरवर्षी कोणीतरी ती शोधून चिखल भरतो म्हणून खारं पाणी शेतात येत नाही. सपोर्ट संपला म्हणजे चिखल भरणारा माणूस यायचा बंद झाला, कुर्ल्या काही थांबल्या नाहीत. वर आणखी एक भानगड अशी की नव्या विंडोजमधलं एखादं भोक बुजवलं की तो पॅच (दुरुस्तीचा अपडेट) उघडून बघणारे लोक असतात, त्यांना कळतं भोक नेमकं कुठे होतं, आणि तोच जुना कोड तुमच्या मशीनमध्ये असला तर तुमच्याकडे ते उघडंच असतं. अँटिव्हायरस म्हणजे मानशीवरचा (बांधातल्या पाण्याच्या दारावरचा) राखणदार, बांध त्याच्याने दुरुस्त होत नाही.

"मी कुठे काही डाउनलोड करतोय" असं म्हणणाऱ्यांसाठी एकच आठवण, वॉनाक्राय, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. मायक्रोसॉफ्टने पॅच दिला होता १४ मार्च २०१७ ला, व्हायरस पसरला १२ मे ला, आणि लागण झालेली बहुतेक मशिनं विंडोज ७ ची होती, ज्यांनी मधल्या दोन महिन्यांत अपडेट केलं नव्हतं. तेव्हा तर सातचा सपोर्ट चालू होता. कोणी काही क्लिक करायची गरज नव्हती, नेटवर्कवरच्या एका मशीनमधून दुसऱ्यात तो आपणहून जात होता, फाइल शेअरिंगच्या एसएमबी १ नावाच्या जुन्या पद्धतीतून.

आता भावाचं रिसेप्शन बघा. तोच राउटर, तोच वायफाय पासवर्ड, जो काउंटरवर लॅमिनेट करून ठेवलाय. सीझनमध्ये वीस-पंचवीस पाहुण्यांचे फोन आणि लॅपटॉप त्याच नेटवर्कवर, आणि त्यातच हा विंडोज ७. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत फॉर्म सी ऑनलाइन भरावा लागतो, त्यासाठी पासपोर्ट स्कॅन होतात, आणि ते स्कॅन कुठे? डेस्कटॉपवर "पासपोर्ट नवीन" नावाच्या फोल्डरमध्ये. त्याच्या शेजारी "पासपोर्ट नवीन २". हे बघून मला मोदक गोड लागेना.

सात आहे तसाच ठेवून ब्राउझर सांभाळायचा

हा सगळ्यात स्वस्त उपाय आणि सगळ्यात लवकर संपणारा. क्रोमची सातवर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. त्याच्यावर बसून बँकेचं काम करू नका, मग तिथे कितीही हिरवं कुलूप दिसो. फायरफॉक्सची ११५ ईएसआर (लांब मुदतीची आवृत्ती) ही सातवर चालणारी शेवटची, तिची मुदत मोझिलाने दोन-तीन वेळा वाढवून दिली, पण ती उधारी आहे, कधीतरी थांबणार. फायरफॉक्सचा एक फायदा खरा, साइट खरी आहे का ते ठरवणारी सर्टिफिकेटं तो स्वतःची घेऊन येतो, म्हणून जुन्या विंडोजवर दुसऱ्या ब्राउझरमध्ये सर्टिफिकेटची एरर देणाऱ्या साइट त्याच्यात उघडतात. सुपरमियम नावाचा एक ब्राउझर पण आहे, क्रोमियमची (क्रोमच्या मूळ कोडची) नवी आवृत्ती जुन्या विंडोजवर चालावी म्हणून बाहेरच्या लोकांनी केलेला. चालतो छान, मी बातम्या वाचायला वापरलाय, पासवर्ड घालायला नाही वापरणार.

असं ठेवायचंच असेल तर निदान एवढं करा: रोजच्या वापराला अ‍ॅडमिन नसलेलं साधं अकाउंट, एसएमबी १ आणि रिमोट डेस्कटॉप (दुरून मशीन चालवायची सोय) बंद, फ्लॅश-जावा असली जुनी अडगळ काढून टाका (फ्लॅश तर २०२० च्या शेवटाला संपलं), ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन घाला, आणि राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क वेगळं करा. हे शेवटचं फुकट आहे, आजकालच्या बहुतेक राउटरमध्ये असतं, आणि गोव्यात खोल्या भाड्याने देणारा निम्मा गाव ते करत नाही. भावाकडे मी पहिल्यांदा तेच केलं, दहा मिनिटं लागली, त्यातली सात राउटरचा पासवर्ड लिहिलेली वही शोधण्यात.

पण दुसऱ्याची कागदपत्रं किंवा पैसे ज्या मशीनवरून जातात तिथे हा पर्याय माझ्या मते नाहीच. गाणी, जुने फोटो, पोरांना टायपिंग शिकवायला, ठीक आहे.

दहा आणि वरची एक वर्षाची मुदत

विंडोज १० वाल्यांनी घाबरू नये. घरगुती वापरासाठी ईएसयू म्हणून जादा सिक्युरिटी अपडेट मिळतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचं बॅकअप सिंक चालू केलं तर फुकट, नाहीतर १००० रिवॉर्ड्स पॉइंट, नाहीतर ३० डॉलर. मशीनवर २२एच२ आवृत्ती पाहिजे. अपडेटच्या पानावर एनरोल करायची लिंक येते, आणि एका अकाउंटवर दहा मशिनं चालतात, म्हणजे घरातल्या सगळ्यांचं एकदम उरकतं. लोकल अकाउंटवाल्यांना हे आवडत नाही, मलाही नाही आवडलं, पण फुकटात वर्ष मिळतंय तर नाक मुरडून घेतलं.

आमच्या लॅपटॉपसाठी हाच पर्याय निवडला. कारण डीएससी. डिजिटल सिग्नेचरचं ते यूएसबी टोकन, त्याचा ड्रायव्हर, ब्राउझरशी बोलणारा तो साइनर, हा सगळा संसार विंडोजवर कसाबसा नीट बसलेला असतो, लिनक्सवर (विंडोजऐवजी घालायची फुकट सिस्टिम) तो मांडायचा म्हणजे रिटर्नच्या शेवटच्या, वीस तारखेच्या रात्री बायकोकडून बोलणी खायची तयारी पाहिजे. टॅली असेल तर प्रश्नच मिटला, टॅलीची लिनक्सवाली आवृत्ती नाही.

विंडोज ७ काढून तिथे १० घालू का असं खूप जण विचारतात. आता नको. मेहनत तेवढीच आणि आयुष्य काही महिन्यांचं.

अकरा, ओढूनताणून

अकराला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे, सिक्युअर बूटवालं यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) पाहिजे, आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीच्या पुढचा प्रोसेसर. आमचा सातव्या पिढीचा, एका पिढीने हुकला. रूफस (विंडोजचा इन्स्टॉल पेन ड्राइव्ह बनवणारं टूल) वापरून ही तपासणी टाळता येते, चालतं पण, महिन्याचे अपडेट येतात, मात्र वर्षाची मोठी आवृत्ती आपणहून येत नाही, दरवेळी तोच खटाटोप. आणि कोअर टू ड्युओसारखं फारच जुनं असेल तर अकराच्या २४एच२ आवृत्तीपासून ते बूटच होत नाही, कारण प्रोसेसरमध्ये लागणाऱ्या सूचनाच नाहीत, तिथे कुठलीही युक्ती चालत नाही. ज्याला स्वतः निस्तरता येतं त्याने करावं. मावशीच्या मशीनवर करून परत जाऊ नये, फोन तुम्हालाच येणार.

आणि बाजारात कोणीतरी पेन ड्राइव्हवर "हलकं विंडोज" घालून देतो ते अजिबात नको. त्यात हलकं करायला काय काढलंय आणि काय घातलंय ते आपल्याला माहीत नाही, बऱ्याचदा काढलेलं असतं ते अपडेटच.

मिंट

भावाच्या रिसेप्शनला शेवटी लिनक्स मिंट घातलं, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवालं. त्याचा सात ३२ बिटचा होता पण प्रोसेसर ६४ बिटचा निघाला, हे तपासून बघा, पुष्कळ ठिकाणी असंच असतं. मिंट २२ ला अपडेट एप्रिल २०२९ पर्यंत आहेत. कागदावर २ जीबी रॅम पुरते, ब्राउझर उघडला की ४ पाहिजेच. खरंच ३२ बिटचाच प्रोसेसर असला, जुन्या नेटबुकसारखा, तर एलएमडीई ६ (मिंटचीच डेबियनवर बेतलेली आवृत्ती) आहे, पण त्याच्यावर आजचं वेब बघणं म्हणजे मांडवीच्या फेरीबोटीला रांगेत उभं राहिल्यासारखं.

कॅबिनेट उघडलं तर आत पालीची दोन अंडी आणि रॅमच्या पट्टीवर काळपट थर, पावसाळ्यात समुद्राकडच्या घरात हे होतंच. खोडरबराने पट्टी घासली, आणखी एक पट्टी लावली, हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली. सगळं मिळून सीझनमधल्या त्याच्या एका रात्रीच्या भाड्यात बसलं. जुनी डिस्क तशीच बाजूला ठेवली, ती पुसायची नाही, हे मी अनुभवाने शिकलोय: दोन वर्षांपूर्वी बहिणीच्या मशीनवर मिंट घालताना "इरेज डिस्क" वर टिचकी मारली आणि डी ड्राइव्हवरचे तिच्या साखरपुड्याचे फोटो गेले. फोटोग्राफरकडे कॉपी होती म्हणून मी अजून त्या घरात जेवतो.

फॉर्म सी ब्राउझरमध्येच भरायचा असतो, त्यामुळे काही अडलं नाही. बुकिंगच्या साइट, व्हॉट्सअ‍ॅप वेब, सगळं तेच. मराठी टायपिंग इनस्क्रिप्टने होतं, फोनेटिक पण मिळतं. अडू शकतो तो प्रिंटर. एचपीचे बहुतेक उचलले जातात, पण एचपी लेझरजेट १०२० सारख्याला वेगळा प्लगइन घ्यावा लागतो, आणि आपल्याकडे घरोघरी असलेल्या कॅनन एलबीपी २९०० चा कॅप्ट ड्रायव्हर सरळ बसत नाही. म्हणून इन्स्टॉल करायच्या आधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवा, वायफाय, स्कॅनर, प्रिंटर तपासा, मगच पुढे. काउंटरवरच्या पोराने दोन दिवसांत विचारणं बंद केलं, त्याला फक्त फायरफॉक्सचा कोल्हा सापडला पाहिजे होता. पासपोर्टचं फोल्डर आता फॉर्म भरला की रिकामं होतं, ही सवय लावायला मात्र दोन आठवडे गेले.

क्रोमओएस फ्लेक्स, गूगलची क्रोम ब्राउझरभोवती केलेली सिस्टिम, हा याचा आणखी सोपा भाऊ. ४ जीबी रॅम लागते, अपडेट आपणहून होतात, बिघडवायला आत काही नाहीच. पण प्ले स्टोअरची अ‍ॅप चालत नाहीत, गूगल अकाउंट पाहिजे, प्रिंटरची निवड आणखी कमी. ज्या आजोबांना फक्त पेपर वाचायचा, नातवाला व्हिडिओ कॉल करायचा त्यांना मी मिंटच्या आधी हेच सुचवीन.

वायर काढायची

राहिले काका. त्यांच्या एक्सपीवर पानं मांडायचं पेजमेकर ७ आहे, त्याच्यावर श्रीलिपी हे मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, आणि मागे यूएसबीत खोचलेलं त्याच्या लायसन्सचं डोंगल. वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, देवस्थानच्या पावत्या सगळं त्यातच, त्या फॉन्टात, जो युनिकोड नाही. दुसरीकडे फाइल उघडली की मराठीच्या जागी चिन्हांची चटणी. पेजमेकर स्वतः २००१ चा, पुढे आवृत्तीच आली नाही. ह्यांना मिंट घाला, अकरा घ्या म्हणणं म्हणजे दुकान बंद करा म्हणण्यासारखं.

इथे दोन रस्ते. एक, नवं मशीन घेऊन त्यात व्हर्च्युअलबॉक्समध्ये (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) एक्सपी चालवायचा, नेटवर्क अडॅप्टर बंद ठेवून, डोंगल आत पास करून. ८ जीबी रॅम असली की बरं चालतं, आणि अख्खा एक्सपी एका फाइलमध्ये आल्यामुळे कॉपी काढून ठेवता येते, हा मोठा फायदा, कारण काकांचा मदरबोर्ड किती पावसाळे काढेल सांगता येत नाही. पण डोंगल आत ओळखलं जाईलच असं नाही, आधी तपासून बघायला पाहिजे. दुसरा रस्ता म्हणजे सरळ नेटची वायर काढायची. मजकूर आणि फोटो मोबाइलवर येतात, ते दुसऱ्या मशीनवर उतरवायचे, तिथे पेन ड्राइव्ह स्कॅन करायचा, मग एक्सपीला लावायचा. ऑटोरन (पेन ड्राइव्ह लावला की त्यातलं आपोआप सुरू होणं) बंद पाहिजे, २००८ चा कॉनफिकर व्हायरस पेन ड्राइव्हवरूनही पसरायचा आणि असले जुने नमुने छापखान्यांच्या पेन ड्राइव्हवर अजून भेटतात.

काकांनी दुसरा रस्ता घेतला, पहिल्याचं बघू म्हणाले. मेल बघायला भावाकडून निघालेला एक जुना मॉनिटर आणि मिंट घातलेला डबा शेजारी ठेवलाय. परवा शुक्रवारी बाजाराला म्हापशात गेलो तेव्हा डोकावलो, तर एक्सपीच्या मागची निळी वायर काढून खिडकीच्या गजाला सुतळीने बांधून ठेवली होती, आणि वर चिकटपट्टी, त्यांच्याच श्रीलिपीत छापलेली: "लावू नये. विचारूनही लावू नये."