घरच्या दुरुस्तीसाठी ‘डीटी ८३० डी’ मल्टिमीटर : काय मोजावे आणि काय मोजू नये

विजेच्या सामानाच्या बहुतेक दुकानांत ‘डीटी ८३० डी’ या क्रमांकाचा लहानसा डिजिटल मल्टिमीटर, म्हणजे विजेची वेगवेगळी मापे घेणारा मीटर, काउंटरवरच टांगलेला दिसतो. तो अनेक नावांनी विकला जातो, पण आतून जवळपास सारखाच असतो. मी तो सोलापुरात नव्या पेठेतून अडीचशे रुपयांच्या आत घेतला. “घरातल्या कामाला हे बास की काका,” असे दुकानदार म्हणाला, आणि त्याचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे ठरले. प्लग काढून ठेवलेल्या उपकरणातला दोष शोधण्यासाठी एवढ्या किमतीत याहून उपयोगी वस्तू मिळणे कठीण आहे. चालू वीज मोजण्यासाठी मात्र हा मीटर मी घरात कोणालाही हातात घेऊ देत नाही.

याची खरी उपयुक्तता ओमच्या, म्हणजे विजेला होणारा रोध मोजण्याच्या, पट्ट्यात आहे. गिझर, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड अशा तापणाऱ्या उपकरणांवर वॅट छापलेले असतात आणि तेवढ्यावरून कॉइलचा रोध काढता येतो : २३० चा वर्ग करावा आणि त्याला वॅटने भागावे. २००० वॅटच्या गिझरची कॉइल सुमारे २६ ओम दाखवते, १००० वॅटची इस्त्री सुमारे ५३ ओम. मीटर २०० ओमवर ठेवून त्याची दोन टोके आधी एकमेकांना टेकवावीत, जो अर्धा-पाऊण ओम दिसेल तो वायरींचा स्वतःचा समजून वजा करावा, आणि मग कॉइलच्या दोन्ही टर्मिनलना टोके लावावीत. अपेक्षित आकडा आला तर कॉइल तुटलेली नाही. पडद्यावर डाव्या बाजूला फक्त १ उभा राहिला तर मार्ग तुटलेला आहे. ‘कॉइल गेली’ हे वाक्य ऐकून हजार-दीड हजार रुपये काढून देण्याआधी एवढी तपासणी प्रत्येकाने करून पाहावी, असे मला मनापासून वाटते.

सोलापुरात ज्या घरांना बोअरचे पाणी वापरावे लागते, तेथे गिझरच सर्वांत आधी कुरकुरतो. आमचा गिझर एका सकाळी पाणी तापवेनासा झाला, तेव्हा प्लग काढून, खालचे झाकण उघडून कॉइल मोजली. ती २७ ओमच्या जवळ होती, म्हणजे शाबूत होती. नंतर थर्मोस्टॅटच्या दोन टोकांत मोजले, तेथे शून्याच्या जवळचा आकडा आला. शेजारच्या कटआउटवर, म्हणजे गिझर फार तापला की वीज तोडणाऱ्या भागावर, मात्र १ दिसला. त्याच्या मधोमध असलेले छोटे बटण दाबताच टक असा आवाज झाला आणि आकडा शून्यावर आला. एवढ्यावर थांबलो असतो तर गिझर पुन्हा बंद पडलाच असता, कारण कटआउट उगीच उडत नाही. टाकी रिकामी करून कॉइल बाहेर काढली, तर तिच्यावर आणि थर्मोस्टॅटच्या नळीवर पांढऱ्या क्षाराचा जाड, खडबडीत थर बसलेला होता. थरामुळे कॉइलची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही आणि तिच्या आसपासचा भाग प्रमाणाबाहेर तापतो. थर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून काढला, टाकी गंजू नये म्हणून आत असलेला, झिजलेला मॅग्नेशियमचा रॉड आणि रबरी गॅस्केट नवे घातले, आणि टाकी पूर्ण भरून नळातून पाणी येऊ लागल्यावरच गिझर चालू केला. कारण न शोधता कटआउटचे बटण दाबत राहणे धोक्याचे आहे, आणि कटआउटला बगल देऊन वायर थेट जोडणे तर कोणत्याही परिस्थितीत करू नये. वाढलेले तापमान आणि दाब यांतून टाकी फुटू शकते.

येथेच या मीटरची एक मर्यादा सांगितली पाहिजे. गिझरला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बरेच जण २००० किलोओमच्या पट्ट्यावर कॉइलचे टर्मिनल आणि धातूचे अंग यांच्यामध्ये मोजतात आणि १ दिसला की निश्चिंत होतात. आकडा आला तर गळती आहेच, हे खरे. पण १ दिसला म्हणून गळती नाही, असे म्हणता येत नाही. हा मीटर जेमतेम एक-दोन व्होल्टवर तपासतो, तर आवरणातला ओलावा पुष्कळदा २३० व्होल्ट पडल्यावरच मार्ग देतो. त्यासाठी वायरमनकडे ५०० व्होल्टचा मेगर (आवरणातली गळती तपासणारा मीटर) असतो, आणि शॉकच्या तक्रारीत त्यालाच बोलवावे. मोजताना टोकांच्या धातूला बोटे लागू देऊ नयेत, नाहीतर आपल्याच शरीराचा रोध पडद्यावर येतो.

मिक्सरच्या बाबतीतही मीटर उपयोगी पडला. शेंगाचटणी मिक्सरमध्ये करताना शेंगदाण्याला तेल सुटते, गोळा बसतो आणि मोटरवर इतका भार येतो की तळाचे लाल बटण बाहेर येऊन मिक्सर थांबतो. काही मिनिटे थंड होऊ देऊन बटण आत दाबल्यावरही तो सुरू झाला नाही, तर वेगाचे बटण एकवर ठेवून काढलेल्या प्लगच्या दोन सारख्या पिनांमध्ये (अर्थिंगची जाड पिन सोडून) मोजावे. काही ओम दिसले पाहिजेत. १ दिसला तर वरचा कपलर हाताने हळूहळू फिरवावा. आकडा मधूनच येत-जात असेल तर मोटरमधले कार्बन (ब्रश) झिजलेले असण्याची शक्यता मोठी, आणि कार्बनची जोडी हा स्वस्त सुटा भाग आहे. पंख्याच्या कंडेन्सरसाठी मात्र या मीटरचा फारसा उपयोग नाही. पंखा मंद फिरतो, हाताने ढकलल्यावर वेग घेतो, ही लक्षणे कंडेन्सर उतरल्याची असली तरी त्याचे मायक्रोफॅरड (कंडेन्सरच्या क्षमतेचे माप) या मीटरवर मोजता येत नाहीत.

आता दोष. यातला सर्वांत गंभीर दोष म्हणजे १० अँपिअरचे छिद्र. त्या मार्गाला फ्यूज नाही, आणि तशी सूचना मीटरच्या तोंडावरच बारीक अक्षरांत छापलेली आहे. लाल वायर चुकून त्या छिद्रात राहिली आणि टोके सॉकेटमध्ये घातली, तर मीटरमधूनच सरळ शॉर्टसर्किट होते. हातातल्या वस्तूचा तेथे स्फोट होऊ शकतो. त्यात वायरी पातळ आणि टोकांच्या दांड्यांमधले सोल्डरिंगचे डाग कच्चे. माझ्या मीटरची काळी वायर दांडीच्या आत तुटली होती, आणि तोवर चांगले भागही १ दाखवीत होते. म्हणून टोके एकमेकांना टेकवून पाहणे दर वेळी करावे. आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की व्होल्टचे आकडे भलतेच जास्त येतात. मीटर आपोआप बंद होत नाही, त्यामुळे काम झाल्यावर चक्र बंदवर आणलेच पाहिजे. ए.सी.चा, म्हणजे घरच्या विजेचा, करंट मोजण्याची सोय त्यात नाही.

बोर्डावरचा फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग यांतला व्होल्टेज मोजायचा असेल, तर कॅट-३ (मीटरच्या सुरक्षिततेची श्रेणी) दर्जाचा ६०० व्होल्टचा, नामांकित कंपनीचा मीटर घ्यावा. त्याला पाच-सहापट पैसे पडले तरी ते योग्य ठिकाणी पडतात. क्लॅम्प (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा चिमटा) आणि मायक्रोफॅरड असलेला घेतल्यास उन्हाळ्यात कूलर आणि पंख्यांसाठीही तो कामी येतो. मायक्रोवेव्ह ओव्हन मात्र कोणत्याही मीटरच्या भरवशावर घरी उघडू नये, कारण त्याच्या कंडेन्सरमध्ये प्लग काढल्यावरही विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो. उरलेल्या कामांसाठी हा स्वस्त मीटर घ्या. घेताना दुकानातच बॅटरी घालायला सांगा, २०० ओमवर टोके टेकवून आकडा स्थिर राहतो का ते पाहा, आणि तसेच टेकवलेले ठेवून दोन्ही वायरी दांडीपाशी हलवा. आकडा उडाला तर दुसरा नग मागा.