अंदमानचे किनारे: हॅवलॉक की नील, आणि कोणता किती वाजता

सोलापुरातून अंदमानला जायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो, "सगळ्यात भारी बीच कुठला?" हा प्रश्न अर्धाच आहे. अंदमानात सकाळी कमरेइतकं निळंशार पाणी असलेला किनारा दुपारी बघितला तर तिथे दूरवर शेवाळलेले खडक उघडे पडलेले असतात. फोटोतला बीच हाच का, असा प्रश्न पडतो. बीच तोच असतो, वेळ चुकलेली असते. म्हणून किनारा निवडताना तीन गोष्टी एकत्र धराव्या लागतात: पाणी कधी चढतं-उतरतं, तिथे करायचं काय आहे आणि बरोबर कोण आहे.

नावांचा गोंधळ आधी मिटवू. 30 डिसेंबर 2018 रोजी हॅवलॉक बेटाचं स्वराज द्वीप झालं आणि नील बेटाचं शहीद द्वीप. सप्टेंबर 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. कागदोपत्री नवी नावं दिसली तरी बोलण्यात अजून जुनीच चालतात, म्हणून इथेही तीच वापरली आहेत.

आधी ओहोटी, मग हॉटेल

अंदमानच्या बहुतेक बेटांना प्रवाळाची झालर आहे. किनाऱ्यापासून आत बऱ्याच अंतरापर्यंत खडकाळ, उथळ पट्टा असतो आणि त्यापुढे एकदम खोल. भरतीला हा पट्टा पाण्याखाली जातो, ओहोटीला उघडा पडतो. हॅवलॉकच्या पूर्वेकडचे गोविंदनगर आणि विजयनगर, नीलवरचे भरतपूर आणि लक्ष्मणपूर हे सगळे असेच. हॅवलॉकवरचंच राधानगर याला अपवाद. तिथे किनाऱ्यालगत खडक नाही, तळाशी सलग वाळू आहे, त्यामुळे ओहोटीलाही डुंबता येतं. राधानगरच्या नावलौकिकाचं खरं कारण हे आहे.

भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमी. बुकिंग करण्याआधी घरच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिथी बघा. लहान मुलांना पाण्यात खेळवायचं असेल तर अष्टमीच्या आसपासचे दिवस सोयीचे. खडकांवरून चालत समुद्री जीव बघायचे असतील तर पौर्णिमा-अमावास्येचे. नेमक्या वेळेसाठी मात्र पोर्ट ब्लेअरचा भरती-ओहोटीचा तक्ताच बघायचा. कोकणात तिथीवरून भरतीचा जो हिशेब मांडतात, तो तिथे लागू पडत नाही.

दुसरी गोष्ट घड्याळाची. अंदमान सोलापूरच्या पूर्वेला जवळपास 17 रेखांशांवर आहे, पण घड्याळ तेच. परिणामी सूर्य तिथे आपल्यापेक्षा तासाभराने आधी उगवतो-मावळतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्यास्त होतो आणि साडेपाचला अंधार. "जेवून, जरा आडवं होऊन चारला निघू" हा आपला सुट्टीतला हिशेब तिथे सूर्यास्त चुकवतो. दिवस पहाटे पाचला सुरू करायचा आणि दुपारची झोप उन्हाच्या वेळी, अकरा ते दोनच्या दरम्यान उरकायची.

डुंबायचं असेल तर: राधानगर की भरतपूर

राधानगर हॅवलॉकच्या पश्चिम बाजूला, जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. सुमारे दोन किलोमीटर लांब, रुंद, मागे उंच झाडांची दाट सावली. 'टाइम' नियतकालिकाने 2004 मध्ये याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं आणि 2020 मध्ये त्याला ब्लू फ्लॅग हे स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना दिलं जाणारं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं. त्यामुळे कपडे बदलायची जागा, स्वच्छतागृह आणि जीवरक्षक या सोयी आहेत. अलिबाग-गणपतीपुळ्याची वाळू बघितलेल्याला इथला पहिला फरक पायाला जाणवतो. प्रवाळ आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची पांढरी वाळू उन्हात कोकणातल्या काळपट वाळूइतकी तापत नाही.

पण राधानगरला लाटा आहेत. विहिरीत सूर मारून पोहायला शिकलेल्या आपल्याकडच्या माणसांनी हे विशेष लक्षात घ्यावं. विहिरीचं पाणी ओढत नाही, समुद्राचं ओढतं. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मध्येच एक गुळगुळीत, गडद पट्टा शांत दिसतोय, तर तो सुरक्षित नव्हे. तिथूनच पाणी जोराने आत परत जातं. अशा ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत ओढीच्या बाहेर या आणि मग लाटांबरोबर परत फिरा. जीवरक्षकांनी झेंडे लावून आखलेल्या भागातच उतरायचं आणि छातीच्या वर पाण्यात जायचं नाही.

राधानगरच्या एका टोकाला नील्स कोव्ह म्हणून शांत खाजण आहे. तळ्यासारखं पाणी बघून उतरायचा मोह होतो. 2010 मध्ये याच परिसरात खाऱ्या पाण्यातल्या मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी पर्यटक महिलेचा जीव गेला. अंदमानात खारफुटी, खाडीचं मुख आणि मगरीचा फलक या तिन्हींपासून लांब राहायचं. गाइड काहीही म्हणो.

भरतपूर म्हणजे नीलच्या जेट्टीला लागूनच, चालत जाण्याइतकं जवळ. खाली उथळ, शांत, हिरवट निळं पाणी. भरतीच्या वेळी साठीतले आई-वडील आणि पाच वर्षांची मुलं एकत्र पाण्यात बसू शकतील, असा किनारा हाच. काचेच्या तळाच्या बोटीही इथे मिळतात, म्हणजे पोहता न येणाऱ्यालाही प्रवाळ दिसतं. ओहोटीला मात्र खडकच खडक. दुपारी पोहोचून पाणी गेलेलं बघितलेली माणसं "नीलला काही नाही" असं सांगत परत येतात, त्याचं कारण हे.

आमचं स्पष्ट मत: घरात तरुण आणि पोहणारी मंडळी जास्त असतील तर राधानगरला दोन संध्याकाळी द्या. म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील तर नीलला मुक्काम करा. टूरवाले नील "जाता-येता" तीन-चार तासांत दाखवतात आणि त्या तीन तासांत भरती असेलच असं नाही. एक रात्र राहिलात तर भरती आणि ओहोटी दोन्ही उजेडात सापडायची शक्यता कितीतरी वाढते.

प्रवाळ बघायचं असेल तर: एलिफंट बीच की जॉली बॉय

एलिफंट बीच हॅवलॉकवर. जेट्टीवरून स्पीडबोटीने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येतं, किंवा राधानगरच्या रस्त्यावरून जंगलातून चालत. चालायची वाट पावसानंतर निसरडी होते, शेवटच्या टप्प्यात भरतीचं पाणी भरतं आणि मगर दिसली की वन खातं ती बंद करतं. आधी चौकशी करूनच निघा. इथे सगळे खेळ एका जागी मिळतात, म्हणून गर्दीही सगळी इथेच. पहिल्या बोटीने जा. अकरानंतर पायांनी उडालेल्या वाळूने पाणी गढूळ होतं.

जॉली बॉय हे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं बेट. पोर्ट ब्लेअरपासून सुमारे 25 किलोमीटरवरच्या वांडूर जेट्टीवरून बोट सुटते. साधारण नोव्हेंबर ते मे जॉली बॉय उघडं असतं आणि उरलेल्या महिन्यांत त्याऐवजी रेड स्किन हे दुसरं बेट, म्हणजे प्रवाळाला विश्रांती मिळते. सोमवारी बंद. वन खात्याचं परमिट आधी काढावं लागतं, त्यासाठी ओळखपत्र लागतं. जेट्टीवर प्लास्टिक तपासतात, वेफर्सचं पाकीटही नेऊ देत नाहीत. खाणं घरच्यासारखं स्टीलच्या डब्यात न्या. आपली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी इथे खरोखर उपयोगी पडते: टिकते, सांडत नाही आणि पाकीट लागत नाही.

फक्त प्रवाळ आणि मासे बघायचे असतील तर जॉली बॉय निवडा, शांतपणे बघता येतं. बरोबरच्यांना जेट-स्की, सी-वॉक (हेल्मेट घालून समुद्राच्या तळावर चालणं) वगैरे हवं असेल तर एलिफंट. मात्र दोन्हीकडे टीव्हीवरच्यासारखे रंग अपेक्षू नका. 2010 मध्ये पाणी तापून अंदमानातलं बरंच प्रवाळ पांढरं पडून मेलं आणि उथळ भागात त्याच्या खुणा दिसतात. मासे मात्र डोळ्यांसमोरून थव्याने जातात.

स्नॉर्केलिंगचा, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगत खाली बघण्याचा, मास्क घालताना तीन चुका होतात. पट्ट्याखाली केस अडकतात, तिथून पाणी शिरतं; केस मागे ओढून मास्क आधी चेहऱ्याला लावा आणि मग पट्टा. मिशी असेल तर रबर नीट बसत नाही, मिशीवर व्हॅसलिनचं बोट फिरवा. काच धुरकटते, तर आतून लहान मुलांच्या शाम्पूचा थेंब चोळून धुवा. मास्क बरोबर बसलाय का हे पट्टा न लावता कळतं: चेहऱ्यावर टेकवा, नाकाने श्वास आत ओढा, हात सोडा. तसाच चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. दमल्यावर प्रवाळावर उभं राहू नका. तुमचा पाय कापतो, जखम लवकर भरत नाही आणि कित्येक वर्षांत वाढलेला तुकडा मोडतो.

स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं, करणार असाल तर सहलीच्या सुरुवातीला करा. एकदाच डाइव्ह केलं तर विमानापूर्वी किमान 12 तास आणि एकापेक्षा जास्त केले तर 18 तास जाऊ द्यायचे असतात. दमा, हृदयविकार किंवा कानाचा त्रास असेल तर डॉक्टरांना सोलापुरातच विचारून घ्या.

नुसतं बघायचं असेल तर

हॅवलॉकच्या काळापत्थरला सूर्योदय, राधानगरला सूर्यास्त. नीलवर सीतापूरला सूर्योदय आणि लक्ष्मणपूर क्रमांक एकला सूर्यास्त. काळापत्थर आणि सीतापूर हे बघण्याचे किनारे, पोहण्याचे नव्हेत.

लक्ष्मणपूर क्रमांक दोन मात्र वेगळंच प्रकरण आहे. इथे खडकाची नैसर्गिक कमान आहे आणि तिच्यापर्यंत ओहोटीलाच जाता येतं. वाट ओल्या, खाचखळग्यांच्या खडकांवरून जाते. हिरवं शेवाळ असेल तिथे पाय टाकायचा नाही, खरखरीत करड्या भागावर टाकायचा. खळग्यांत साचलेलं पाणी हलायचं थांबेपर्यंत वाकून बघत राहिलं की आधी फक्त दगड दिसतात. मग त्यातला एक दगड सरकतो आणि तो खेकडा निघतो. काळ्या काकडीसारखा पडलेला जीव म्हणजे समुद्रकाकडी. हात लावायचा नाही. ओहोटीच्या तळाच्या तासभर आधी निघा, म्हणजे पाणी चढायच्या आत परत येता. मागे रबरी पट्टा असलेली सँडल हवी, हवाई चप्पल इथे हमखास निसटते.

पोर्ट ब्लेअरचं कॉर्बिन्स कोव्ह शहराजवळ आहे, पोहोचल्या दिवशी संध्याकाळी ठीक. डिगलीपूरजवळच्या रॉस आणि स्मिथ या जोडबेटांमधली वाळूची पट्टी ओहोटीला उघडी पडते आणि ती खरोखर देखणी आहे. पण पोर्ट ब्लेअरहून रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या वर जावं लागतं आणि जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून वाहनांच्या ताफ्याबरोबरच जाता येतं. आठ दिवसांपेक्षा कमी असतील तर तिकडे वळू नका. आणि हो, पोर्ट ब्लेअरसमोरचं सेल्युलर जेलच्या सहलीत येणारं रॉस बेट वेगळं, या दोन्हींची गल्लत होते.

कधी आणि कसं

"मान्सून अंदमानात दाखल" ही बातमी सोलापूर जिल्ह्यात कान देऊन ऐकली जाते, आणि किनाऱ्यांचा हंगाम संपल्याची खूणही तीच. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून समुद्र खवळतो. दिवाळीच्या सुट्टीतही तिथे परतीचा पाऊस आणि वादळांचा धोका असतो, बोटी रद्द होतात. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर ते एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यात भरवशाचा.

मुंबई-चेन्नई मार्गावरच्या गाड्या सोलापूरवरून जातात. चेन्नईहून विमानाने दोन-सव्वादोन तास. हैदराबादहूनही जाता येतं. रेल्वे उशिरा पोहोचते हे धरून विमान त्याच दिवशीचं काढू नका. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खाजगी बोटीने दीड-दोन तास, सरकारी बोटीने त्याहून जास्त. बोट लागणाऱ्यांनी मळमळीची गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी. बोट हलायला लागल्यावर घेतलेली उलटीबरोबर बाहेर येते. परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढा.

सामानात सोलापुरी टर्किश टॉवेल नको. दमट हवेत तो दोन दिवस ओलाच राहतो, पातळ पंचा घ्या. नीलसाठी थोडी रोख ठेवा. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात, खाज आठवडाभर राहते. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि पायांना खोबरेल तेल लावलेलं बरं. आणि मुलांचे खिसे निघण्यापूर्वी रिकामे करा. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा मेलेला तुकडाही आणायला बंदी आहे आणि विमानतळावर सामान तपासताना तो बाहेर काढतात.